बाईंची दरी

आमच्या सेक्शनमध्ये सगळ्यांची पक्की समजूत होती, की बाईंचं कोलंबियात कुणीतरी आहे.

तसं वाटायला कारणही होतं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. पूर्वी कधीतरी त्या तिथल्या राजधानीत, बोगोटाला, आपल्या वकिलातीत पर्सनल असिस्टंट म्हणून काही वर्षं राहून आल्या होत्या. अधूनमधून त्यांना तिकडून फोन यायचा. सेक्शन ऑफिसरच्या टेबलावरचा फोन कानाला लावून त्या उभ्याउभ्या भराभर स्पॅनिश बोलायच्या, आणि जागेवर परत येऊन बसताना मराठीत स्वतःशीच म्हणायच्या, "या वर्षी तो दिसला." नाहीतर, "या वर्षी अजून पत्ता नाही त्याचा."

मी दिल्लीतल्या त्या सरकारी ऑफिसात नवी लागले होते. सबंध मजल्यावर मराठी कळणारी बाईंखेरीज मी एकटीच. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात आमच्या शर्माजींनी मला कँटीनमध्ये गाठलं आणि मॅडम फोननंतर काय पुटपुटतात ते विचारलं. मी सांगितलं, "कहती हैं, इस साल वो दिखा." शर्माजींनी हातातला समोसा बशीत ठेवला आणि बराच वेळ काही खाल्लं नाही.

पुढे दोन-तीन महिन्यांनी धीर करून मी बाईंनाच विचारलं, तो म्हणजे कोण. त्यांनी ड्रॉवरमधून एक फोटो काढून माझ्यासमोर ठेवला. ओल्या फांदीवर एक पक्षी बसला होता. चिमणीहून थोराड, पोट हळदीसारखं पिवळं, पाठ राखी, डोक्यावर गंजलेल्या लोखंडाच्या रंगाची टोपी.

"हा," बाई म्हणाल्या. "जगात तेवढ्याच डोंगरात आहे. बाकी कुठे नाही."

मी शर्माजींना खरं काय ते सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही. मीही मराठी असल्यामुळे बाईंना सांभाळून घेते आहे, असं त्यांचं मत होतं, आणि त्याबद्दल त्यांच्या मनात माझ्याविषयी आदरच होता.

बाई जाऊन आता काही वर्षं झाली. डोळ्यांसमोर येतात त्या हिवाळ्यातल्या. उंच, काटकुळ्या, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि या सगळ्यावर कोलंबियाहून आणलेला रुआना. रुआना म्हणजे तिकडची घोंगडीच, मध्ये डोकं घालायला चीर असलेली. तो चढवून त्या सरोजिनी नगरच्या क्वार्टर्समधून बसस्टॉपकडे निघाल्या की थंडीत शेकोटीपाशी बसलेले लोक माना वळवून बघायचे. एकदा मार्केटात एका बाईने त्यांच्या अंगावरच्याच रुआनाचा भाव विचारला होता. बाई रागावल्या नाहीत. तिथल्या तिथे उभं राहून त्यांनी तिला लोकर कुठली, विणतात कशी, धुवायचं कसं, हे सगळं समजावून सांगितलं आणि मग म्हणाल्या, "मगर ये बिकाऊ नहीं है."

त्यांचा एक शब्द आमच्या सेक्शनमध्ये रूढ झाला होता. त्रांकीला. कोलंबियात म्हणे कुणीही घाबरलं, चिडलं, घाई करायला लागलं, की समोरचा एवढंच म्हणतो. शांत हो. फाइल वरून ओरडा खाऊन परत आली, पार्लमेंटचा प्रश्न संध्याकाळी येऊन पडला, की बाई टाइपरायटरवरून मान न उचलता म्हणायच्या, "त्रांकीला." पुढे टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले तरी शब्द राहिला. शर्माजी तर घरी बायकोलाही त्रांकीला म्हणायचे. त्याचा परिणाम उलटाच होतो, अशी त्यांची तक्रार होती.

संक्रांतीला दिल्लीतली मराठी माणसं बस करून पानिपतला जायची, काला अंब इथल्या लढाईच्या स्मारकाला. बाई दरवर्षी यायच्या. स्मारकापुढे फुलं वाहायच्या, डोळे मिटून उभ्या राहायच्या. भाषणं सुरू झाली मात्र, की गळ्यात दुर्बीण अडकवून शेतांच्या बांधावरून चालू लागायच्या. एका वर्षी धुकं होतं, परत निघताना मोजणीत घोळ झाला आणि बस त्यांना सोडूनच निघाली. कर्नालकडून भाजी घेऊन येणाऱ्या एका टेंपोत बसून त्या दिल्लीला पोचल्या. दुसऱ्या दिवशी मराठी मंडळाचे अध्यक्ष माफी मागायला घरी आले. बाईंनी त्यांना चहा दिला आणि म्हणाल्या, "एवढं काय मनाला लावून घेता? पानिपतात मराठी माणूस मागे राहणं काही नवीन नाही." शिवाय त्या गहू-मोहरीच्या शेतात त्यांना दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी दिसला होता. त्या आनंदात होत्या.

आता त्या कोलंबियाच्या पक्ष्याबद्दल. बाईंनी त्याची हकिगत मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली, कधी डबा खाताना, कधी बसची वाट बघताना.

बोगोटात त्यांची एका शाळामास्तरणीशी मैत्री झाली होती. तिला सगळे प्रोफे म्हणत, तिकडे शिक्षकांना लाडाने तसंच म्हणतात. प्रोफेचं गाव डोंगरात होतं, तिची शाळाही तिथेच. सुट्टीत ती बाईंना तिकडे घेऊन गेली. गावाच्या वर एक दरी होती, तिच्यात दिवसभर ढग शिरलेले असायचे. झाडांच्या फांद्यांवर शेवाळ, शेवाळावर दुसरी झाडं. खालचं सगळं जंगल बटाट्यासाठी आणि गुरांच्या कुरणांसाठी तुटलं होतं, ही एक दरी तेवढी उरली होती. आणि हा पक्षी त्या दरीत होता. मधली बरीच वर्षं तो कुणालाच दिसला नव्हता. लोक म्हणायचे, संपला. प्रोफेच्या शाळेतल्या मुलांनी त्याला पुन्हा बघितलं.

"त्याचा आवाज कसा आहे?" मी एकदा विचारलं.

बाईंनी जेवण थांबवून विचार केला. "रेशमावर बारीक सुईने टाके घालावेत तसा. लक्ष नसेल तर ऐकूच येत नाही."

त्याच्या मागे आणखी एक दुखणं होतं. कुरणं वाढली तसे गुरांमागून काळे पक्षी आले. ते आपली अंडी याच्या घरट्यात घालायचे. आपल्याकडे कोकिळा घालते तशीच, पण बाई म्हणायच्या, "आपला कावळा धिप्पाड आहे, त्याला परवडतं. या मूठभर जिवाने दुसऱ्याचं पोर कसं पोसायचं? स्वतःची उपाशी मरतात." मग प्रोफे आणि गावातली माणसं विणीच्या दिवसांत दरीत पहारा करायची, काळ्या पक्ष्यांना घरट्यांजवळ फिरकू द्यायची नाहीत. बाई तिथे होत्या तोवर प्रत्येक सुट्टीत पहाऱ्याला जायच्या. दिल्लीला बदली झाली तेव्हा, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, "पहारा अर्धा सोडून यावं लागलं."

आमच्या मंडळातल्या एका कवींनी त्या पक्ष्याला मराठी नाव देऊ केलं होतं, सुवर्णोदर का असंच काहीतरी. बाई म्हणाल्या, त्याला कळणार आहे का? त्या त्याला तो म्हणत राहिल्या.

आणि बाईंचा प्लॉट होता, गुडगावच्या पुढे. सरकारी नोकरांच्या कुठल्याशा सोसायटीतून सोडतीत लागलेला. लागला तेव्हा तिथे मोहरीची शेतं होती, नीलगायी फिरायच्या, आणि एवढ्या लांब कोण मरायला जाणार म्हणून सगळे हसले होते. मग काळ बदलला. हायवे रुंद झाला, काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, मॉल आले, आणि हसणारेच प्रॉपर्टी डीलर घेऊन बाईंच्या दारात यायला लागले.

बाई रविवारी त्या प्लॉटवर जाऊन बसायच्या. घडीची खुर्ची, छत्री, थर्मास. एक-दोनदा मीही गेले. चारी बाजूंनी मजले चढत होते, सिमेंटचे मिक्सर गरगरत होते, आणि मध्ये त्या रिकाम्या चौकोनात छत्री उघडून बाई एका कीकरच्या, म्हणजे आपल्या बाभळीच्या, झाडाकडे बघत बसलेल्या. त्यावर पूर्वी सुगरणींची घरटी असायची. मला वाटायचं, त्या प्लॉटची राखण करतायत. शेजारच्या साइटवरच्या मुकादमालाही तसंच वाटायचं. तो त्यांना आदराने सलाम करायचा.

प्लॉटवर काय बांधायचं हे त्यांच्या धाकट्या बहिणीच्या घरी ठरलेलं होतं. बहीण जनकपुरीत राहायची. तिचे यजमान फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, हिशोबी आणि भला माणूस. त्यांनी नकाशाही करून घेतला होता. खाली बाई, वर बहीण आणि ते, त्याच्यावर मुलगा. मुलगा, म्हणजे बाईंचा भाचा, तेव्हा गुडगावलाच एका कॉल सेंटरमध्ये नोकरीला होता. तिथे त्याचं नाव वेगळं होतं, अमेरिकनांना म्हणता येईल असं. बाई रिटायर होऊन क्वार्टर सोडतील, त्याच वर्षी बांधकाम सुरू करायचं, असा बेत होता.

रिटायरमेंटला थोडे महिने उरले असताना प्रोफेचा फोन आला. बाई फोन ठेवून जागेवर आल्या त्या काहीच पुटपुटल्या नाहीत. प्रिंटरमध्ये कागद घातला, तसाच ठेवला. मला म्हणाल्या, दरीचा मालक वारला, मुलांना दरी विकायची आहे, बटाटेवाला घ्यायला तयार आहे. गावाने एक संस्था काढली होती, वर्गणी चालू होती. पण ती पुरणार नव्हती.

त्या संध्याकाळी त्या बसने न जाता चालत घरी गेल्या. मी सोबत होते. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, "माझ्याकडे जमीन आहे. त्यांना जमीन हवीय. यात अवघड काय आहे?"

पुढच्या रविवारी जनकपुरीला मला बरोबर घेऊन गेल्या. साक्षीदार असावा म्हणून, असं म्हणाल्या. जेवणं झाली. सुभेदार नकाशा उलगडून जिना कुठून घ्यायचा ते दाखवत होते. बाईंनी तो बघितला, जिना चांगला आहे म्हणाल्या, आणि मग सांगितलं, "मी प्लॉट विकतेय. तिकडची एक दरी घ्यायची आहे."

भाचा दिल्लीत जन्मलेला, दिल्लीत वाढलेला. त्याने आईकडे बघितलं, मग मावशीकडे. "दरी? मावशी, दरी तो पानीपत में मिल जाएगी ना. उसके लिए प्लॉट क्यों?"

मला हसू आवरेना. सुभेदारांनाही. खुद्द बाई हसल्या, आणि मग त्यांनी त्याला नीट समजावलं, दरी म्हणजे पानिपतला विणतात ती सतरंजी नव्हे, घाटी. डोंगर, ढग, पक्षी, सगळं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ओरडून नाही, नवल वाटून विचारलं, "एक चिड़िया के लिए?"

"हो," बाई म्हणाल्या.

सुभेदारांनी विचारलं, पक्षीच वाचवायचे तर इथले का नाही, प्लॉटवर झाडं लावा. बाईंनी त्याचाही विचार केलेला होता. म्हणाल्या, चारी बाजूंनी इमारती आल्या, सुगरणी केव्हाच गेल्या, आपल्या तेवढ्या तुकड्यावर आता कबुतरांखेरीज कुणी राहणार नाही. तिथे दरी अजून आहे.

बहीण उठली, ताटं गोळा केली, आत जाऊन ठेवली आणि परत येऊन दारात उभी राहिली.

"तू तिकडे होतीस तेव्हा आईचं सगळं मी केलं," ती म्हणाली. "तिचं दुखणं मी काढलं. तुला एका शब्दाने बोलले नाही."

"नाही बोललीस."

"मग?"

"मग मी त्याची भरपाई म्हणून तुला मजला बांधून दिला असता, तर तुला ते आवडलं असतं?"

"हो," बहीण म्हणाली. "आवडलं असतं."

बाई उठल्या, बहिणीच्या खांद्याला हात लावायला गेल्या. बहीण मागे सरली.

मला वाटलं, आता त्या बेत सोडतील. बाहेर रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "तिचं बरोबर आहे." आणि थोड्या वेळाने, "पण तिला मुलगा आहे, नवरा आहे, घर आहे. त्याला तेवढं एकच आहे."

प्लॉट विकला गेला. परदेशात पैसे पाठवण्यावरची बंधनं सरकारने तेव्हा नुकतीच सैल केली होती. दहा वर्षं आधी हे जमलंच नसतं. बँकेतल्या माणसाने विचारलं, पर्पज काय लिहू, शिक्षण, उपचार, प्रवास? बाई म्हणाल्या, खरेदी. जमीन संस्थेच्या नावावर जाणार असं कळल्यावर तो म्हणाला, मग हे डोनेशन झालं, नाहीतर गिफ्ट. बाईंनी त्याला बरंच समजावलं, की दान केलेलं माणूस विसरून जातो आणि त्यांना विसरायचं नव्हतं. तो बिचारा नियम दाखवत राहिला. शेवटी गिफ्टच लिहिलं गेलं. बाहेर आल्यावर बाई मला म्हणाल्या, "तू लक्षात ठेव. ती खरेदी आहे."

क्वार्टर सोडून त्या यमुनेपलीकडे मयूर विहारला आमच्या सोसायटीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिल्या. पेन्शनीत भागायचं. सकाळी नदीकाठच्या बोरूच्या बेटांत जाऊन यायच्या, दुपारी सोसायटीतल्या मुलांना स्पॅनिश शिकवायच्या. नव्या कंपन्यांमध्ये परकी भाषा येणाऱ्यांना मागणी होती, त्यामुळे मुलं आईबापांसकट यायची. फी म्हणून त्या मुलांकडून सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी झाडं लावून घ्यायच्या, आणि ज्याचं झाड सुकेल त्याला क्रियापदं जास्त. त्यांना पस्तावा झालाय का, असं कुणी विचारलं, की त्या खरोखरच आठवून बघायच्या आणि म्हणायच्या, नाही, आज नाही.

बहीण मात्र बोलायची थांबली, ती वर्षानुवर्षं. दिवाळीला भाचा फराळाचा डबा घेऊन यायचा. बहिणीने भरून दिलेला, पण निरोप काही नसायचा. बाई डबा कधी रिकामा पाठवायच्या नाहीत. एकदा त्यात प्रोफेने धाडलेली कॉफी घातली. भाच्याने मला नंतर सांगितलं, आई ती रोज पिते, चांगली आहे असं मात्र म्हणत नाही.

गाव बाईंना दरवर्षी बोलावत होतं. बाई जायच्या नाहीत. तिकिटाच्या पैशांत दरीला तेवढं कुंपण होईल, असं त्यांचं म्हणणं. पुढे गुडघे गेले. तेव्हा भाच्याने, जो आता कॉल सेंटर सोडून एका ट्रॅव्हल कंपनीत लागला होता आणि स्वतःच्या नावाने काम करत होता, परस्पर तिकिटं काढली. दोन काढली. मावशी एकटी कशी जाणार, असं त्याने घरी विचारलं आणि आईसमोर पासपोर्टचा अर्ज ठेवला. दोन दिवसांनी बहिणीने जाड मोजे विकत आणले.

पुढचं मला बहिणीनेच सांगितलं, परत आल्यावर, माझ्या स्वयंपाकघरात बसून.

विमानात दोघी शेजारी बसल्या होत्या आणि जगाच्या पलीकडे पोचेपर्यंत त्यांच्यात फक्त लोणच्याबद्दल बोलणं झालं. गावात प्रोफेने दोघींना मिठी मारली. तीही म्हातारी झाली होती. पहाटे घोड्यांवरून वर नेलं. बहीण जन्मात घोड्यावर बसली नव्हती. वर ढग, थंडी, चिखल. सगळे एका जागी थांबले. प्रोफेने हात वर केला, सगळे गप्प झाले, आणि थोड्या वेळाने सगळ्यांचे चेहरे एकदम बदलले.

"मलाही ऐकू आलं," बहीण म्हणाली. "एवढंसं बारीक. आत कुठेतरी, झाडीत. मी ताईकडे बघितलं. ती तशीच उभी होती, मान पुढे करून. वाट बघत."

बहिणीला कळायला जरा वेळ लागला. वयामुळे बाईंचे कान बारीक आवाजाला गेले होते. माणसांचं बोलणं नीट ऐकू यायचं, त्यामुळे दिल्लीच्या कोलाहलात ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, बाईंच्याही नाही. तो गात होता, आणि सगळ्यांत तेवढ्या एकट्या बाईंना ऐकू येत नव्हतं. ढगामुळे दिसतही काही नव्हतं.

"मग मी तिचा हात धरला," बहीण म्हणाली. "म्हटलं, ताई, बोलतोय तो. ती म्हणाली, कुठे? मी तिला खांद्याला धरून तिकडे वळवलं. मग म्हणाली, कसा बोलतोय, सांग. आता कसं सांगणार? मी तोंडाने तसा आवाज काढायला गेले. बरोबर आलेली गावची पोरं हसायला लागली. पण समोरून त्याने उत्तर दिलं. खरंच दिलं. ताईला ते ऐकू आलं नाही, पण तिने माझं तोंड बघितलं."

"काय म्हणाल्या बाई?"

"म्हणाली, बरं झालं तू आलीस."

चहा निवत होता, बहिणीचं लक्ष नव्हतं.

"मग काय, दिवसभर आम्ही तिथेच. दर थोड्या वेळाने विचारायची, आता बोलतोय का? आता? आणि मी सांगायचे. इतक्या वर्षांत बोललो नव्हतो तेवढं त्या एका दिवसात बोललो असू, आणि सगळं तेवढंच. बोलतोय का, हो, बोलतोय." तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक-दोनदा तो बोलत नव्हता. तरी मी हो म्हटलं."